सावित्रीबाईंची पुढची पन्नास वर्षं : संकटाआधीच्या तयारीचा पाठ



३ जानेवारी जवळ आली की शाळाशाळांत सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीची तयारी सुरू होते. मुली नऊवारी नेसतात, कपाळावर मोठं कुंकू लावतात आणि भाषण पाठ करतात. भाषणात काय असतं ते तुम्हाला माहीतच आहे. नायगावचा जन्म, लहानपणीचं लग्न, भिडेवाड्यातली शाळा, अंगावर पडलेलं शेण आणि पिशवीतली दुसरी साडी. इथं टाळ्या वाजतात आणि भाषण संपतं.

आता जरा हिशेब करून बघा. भिडेवाड्यातली शाळा १८४८ साली सुरू झाली. तेव्हा सावित्रीबाई १७ वर्षांच्या होत्या. त्यांचं निधन झालं १८९७ साली, वयाच्या ६६ व्या वर्षी. म्हणजे पुढची जवळजवळ ५० वर्षं आपण मुलांना सांगतच नाही. शेवटी फक्त एक वाक्य जोडतो, की प्लेगच्या साथीत सेवा करताना त्या गेल्या.

या लेखात मला तीच वर्षं सांगायची आहेत. आपल्या जालना जिल्ह्यातल्या मुलांना सावित्रीबाईंच्या आयुष्याचा हाच भाग सध्या सगळ्यात जास्त कामाचा आहे, असं मला वाटतं. आपल्याकडे एका वर्षी टँकरची वाट बघावी लागते, तर दुसऱ्या वर्षी गोदाकाठच्या गावांना पुराची धास्ती असते. उन्हाळ्यात उष्माघात, पावसाळ्याच्या तोंडावर विजा, मग जुलाब आणि डेंग्यू. कोरोना तर आपण सगळ्यांनीच पाहिला. संकट आलं की आपली धावपळ सुरू होते. सावित्रीबाईंचं चरित्र नीट वाचलं की लक्षात येतं, खरी तयारी त्याआधीच्या साध्यासुध्या दिवसांत झालेली असते.

आधी शिकल्या, मग वर्गात उभ्या राहिल्या

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावात झाला. वडील खंडोजी नेवसे गावचे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० मध्ये त्यांचं लग्न पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी झालं. जोतीरावांनी त्यांना घरीच लिहायला-वाचायला शिकवलं. पुढं त्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षणही घेतलं. आपण डी.एड. करून वर्गात आलो ना, तशाच त्याही शिकवायचं कसं ते शिकून घेऊन मुलींसमोर उभ्या राहिल्या. आधी तयारी आणि मग काम, ही त्यांची सवय पुढं आयुष्यभर दिसते.

मुलींना शिकवलं म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई दोघांनाही सासरचं घर सोडावं लागलं. त्या वेळी उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला. फातिमा शेख शिकवण्याच्या कामात सोबत आल्या. मुलांना हे सांगताना इथं जरा थांबा. अचानक घर सुटलं तर आपण कुणाच्या दारात जाऊ, हा प्रश्न पुरात, भूकंपात, आगीत प्रत्येक कुटुंबापुढं उभा राहतो. फुले दांपत्याकडे त्याचं उत्तर होतं, कारण त्यांनी माणसं जोडलेली होती. जातीधर्माच्या पलीकडची जोडलेली होती.

घरातला हौद

१८६८ साली फुले दांपत्यानं आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. आज वाचताना ही गोष्ट साधी वाटते. त्या काळात सार्वजनिक पाणवठ्यावर या माणसांना पाय ठेवता येत नव्हता. दुसऱ्यानं वरून ओतलं तर पाणी मिळायचं, नाहीतर नाही.

ही समाजसुधारणा होती, तशी आपत्तीची तयारीसुद्धा होती असं मी म्हणेन. चांगल्या पावसाच्या वर्षात ज्याला पाण्यापासून लांब ठेवलं जातं, त्याचाच दुष्काळात सगळ्यात आधी घसा कोरडा पडतो. संकट सगळ्यांवर सारखं येतं असं आपण म्हणतो, पण ते कधीच सारखं येत नाही. टँकर आल्यावर रांगेत शेवटी कोण उभं असतं, वस्तीचा नळ कुणाच्या घरापासून सगळ्यात लांब आहे, हे आपल्या गावात बघितलं की कळतं. पाणी मुबलक असताना ते वाटून घ्यायची सवय लागली, तरच टंचाईत ती टिकते.

दुष्काळ आणि ओतूरचं पत्र

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. गावोगावचे शेतकरी, माळी, कष्टकरी त्याच्याशी जोडले गेले. सावित्रीबाई या कामात पुढं होत्या. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८७६ मध्ये, पाऊस दगा देऊन गेला आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. मुंबई आणि मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थान, सगळीकडे उपासमार सुरू झाली. आपला जालन्याचा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता.

या दुष्काळात सावित्रीबाई पुण्यात बसून राहिल्या नाहीत. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी जुन्नर तालुक्यातल्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. जमलं तर मूळ पत्र जरूर वाचा. नद्या-ओढे आटलेत, चारा नाही, जनावरं कोसळतायत, माणसं गाव सोडून चाललीत, असं सगळं चित्र त्यात आहे. पण मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या समित्या कशा नेमल्या, मदतीची पथकं कशी केली, कुणाच्या घरी मुक्काम आहे, कुणी पैशाची मदत केली, अशी सगळी कामाची माहिती त्या देतात.

त्या पत्रात एक प्रसंग आहे. सावकारांच्या जाचावरून दंगे झाले आणि मदत करणाऱ्या ५० सत्यशोधकांनाच पोलिसांनी पकडलं. कलेक्टरनं सावित्रीबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी त्याला तोंडावर विचारलं, की चांगल्या माणसांवर खोटा आळ का घेतला. कलेक्टरला त्यांचं म्हणणं पटलं. कार्यकर्ते सुटले आणि वर त्यानं ज्वारीच्या चार बैलगाड्या पाठवल्या. शिकलेली, कामाची बारीकसारीक माहिती असलेली बाई अधिकाऱ्यासमोर बोलायला उभी राहिली की काय होतं, ते मुलींना या प्रसंगातून दाखवता येईल. याच दुष्काळात पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रमात भुकेल्या मुलांना जेवू घालण्याची सोय केली होती.

या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. समित्या दुष्काळात नेमल्या गेल्या, पण समित्यांतली माणसं तीन वर्षं आधीपासून एकमेकांना ओळखत होती. भांड्यात आधीच पाणी होतं, म्हणून तहान लागल्यावर विहीर खणावी लागली नाही.

यशवंत डॉक्टर झाला

१८६३ मध्ये फुले दांपत्यानं आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं होतं. फसवणूक झालेल्या विधवा तिथं येऊन सुखरूप बाळंत होत. त्यांतल्याच काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा सावित्रीबाई-जोतीरावांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच यशवंत. त्यांनी त्याला शिकवून डॉक्टर केलं. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी त्याचं लग्न सत्यशोधक पद्धतीनं झालं. मुलगी होती हडपसरच्या ज्ञानोबा ससाणे यांची. हे हडपसर आणि हे ससाणे लक्षात ठेवा, पुढं त्यांचं काम पडणार आहे.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं धरायला सावित्रीबाई स्वतः पुढं झाल्या. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा त्यांच्याकडे आली. १८९३ मध्ये सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. वय साठीच्या पुढं गेलेलं होतं. घरी बसल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती.

प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे रुग्ण ओळखले. काही महिन्यांत साथ पुण्यात पोचली. काखेत, जांघेत गाठ यायची, सणसणून ताप भरायचा आणि दोन-चार दिवसांत माणूस जायचा. घरात उंदीर मरून पडायला लागले की लोक घर सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात प्लेगच्या झोपड्या अजून येतात, घरातल्या आजी-आजोबांना विचारून बघा.

सावित्रीबाईंनी अशा वेळी काय केलं? यशवंतराव लष्करात डॉक्टर म्हणून नोकरीला होते. त्यांना बोलावून घेतलं. पुण्याबाहेर, हडपसरजवळच्या ससाण्यांच्या मळ्यात, मोकळ्या हवेत प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. आता मघाचे धागे जुळवून बघा. डॉक्टर कोण? वीस वर्षांपूर्वी मांडीवर घेतलेलं आणि शिकवलेलं मूल. जागा कुणाची? सत्यशोधक पद्धतीच्या लग्नातून जोडलेल्या सोयऱ्यांची. रुग्ण कुठले? ज्या वस्त्यांत सावित्रीबाई ५० वर्षं जात-येत होत्या तिथले. यातलं काहीही साथ आल्यावर नव्यानं मिळवलेलं नव्हतं.

मुंढव्याजवळच्या अस्पृश्य मानलेल्या वस्तीत गायकवाड कुटुंबातल्या एका मुलाला प्लेग झाल्याचं त्यांना कळलं. न्यायला कुणी नव्हतं. ६६ वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. मूल वाचलं, असं सांगतात. सावित्रीबाईंना मात्र प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं.

त्याच मार्च महिन्यातली दुसरी पद्धत

इंग्रज सरकार काही करत नव्हतं असं नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी याच जुन्या कायद्याचा आधार घेतला होता. पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून रँड आला. सावित्रीबाई गेल्या त्याच मार्चमध्ये सोल्जरांनी घरोघरी झडत्या सुरू केल्या. बायाबापड्यांची तपासणी, सामान बाहेर फेकणं, रुग्णाला ओढून छावणीत नेणं. लोक इतके घाबरले की आजारी माणसं लपवू लागले. लपवलेल्या रुग्णामुळे साथ वाढते, हे वेगळं सांगायला नको. जूनमध्ये रँडचा खून झाला.

दोन्हीकडे हेतू एकच होता, रुग्णाला वेगळं ठेवायचं आणि उपचार करायचे. एकीकडे लोक रुग्ण लपवत होते. दुसरीकडे सावित्रीबाई वस्तीत पोचून रुग्णाला पाठीवर घेऊन येत होत्या आणि कुणी दार लावून घेत नव्हतं. फरक विश्वासाचा होता, आणि विश्वास काही फतवा काढून तयार होत नाही.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये माझे कुटुंब, माझी जबाबदारी मोहिमेत आपल्यापैकी अनेकांनी घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजला. तुमचाही अनुभव असाच असेल. आशाताई सोबत असल्या की दार उघडायचं. त्या घरातल्या बाळाच्या लसीसाठी आधी दहा वेळा येऊन गेलेल्या असायच्या.

मुलांचा प्रश्न येणारच

हा पाठ घेतला की चौथी-पाचवीतलं एखादं पोर हमखास विचारतं, की मग सावित्रीबाईंनी मास्क का नाही लावला, अँब्युलन्स का नाही बोलावली. प्रश्नाला हसू नका बरं का. फार चांगला प्रश्न आहे.

१८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत येर्सिन या शास्त्रज्ञानं प्लेगचा जिवाणू शोधला होता. मुंबईत हाफकिन यांनी लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली होती. पण हा जिवाणू उंदरावरच्या पिसवांमधून माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं, तेही तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्याच कराचीत. म्हणजे सावित्रीबाई गेल्यानंतर एका वर्षानं. आजार कसा चढतो हे त्यांना कुणी सांगूच शकलं नसतं. आजच्यासारखी प्रतिजैविकंही तेव्हा नव्हती. पुढच्या काही दशकांत प्लेगनं भारतात एक कोटीहून जास्त बळी घेतले.

म्हणून मुलांना स्पष्ट सांगा, की त्यांची माया घ्यायची, पण आज आपल्याला जे कळलंय तेही वापरायचं. साथीच्या आजाराच्या माणसाला एकटं टाकायचं नाही. पण १०८ ला फोन करायचा, तोंडाला मास्क लावायचा, मोठ्या माणसाला सांगायचं, साबणानं हात धुवायचे. नुसतं त्यागाचं कौतुक केलं तर मुलं एवढंच शिकतील, की चांगल्या माणसानं मरायचं असतं. मदत करणारा माणूस वाचलाही पाहिजे, हे त्यांना आपणच शिकवायचं आहे.

आणि प्लेग फार जुना म्हणून सोडून देऊ नका. १९९४ मध्ये गोदावरीच्या पलीकडं, आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले होते. पाठोपाठ सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लोक शहर सोडून पळाले.

वर्गात आणि घरी काय करता येईल

मी सावित्रीबाईंच्या आयुष्यातून चार कामं काढली आहेत. खर्च काही नाही.

पहिलं, भरवशाची माणसं. प्रत्येक मुलानं आई-वडिलांसोबत बसून पाच नावं लिहायची. रात्री दोन वाजता घर सोडावं लागलं तर कुणाचं दार वाजवणार? नावापुढं फोन नंबर. खाली १०८, ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा, कारण ऐन वेळी मोबाइलची बॅटरी संपलेली असते.

दुसरं, पाण्याचा नकाशा. गावातल्या विहिरी, हातपंप, बोअर आणि तलाव मुलांनी काढायचे. मे महिन्यात कुठं पाणी असतं आणि ते कुणाला सहज मिळतं, कुणाला नाही, हेही लिहायचं. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर कधी टाकते ते विचारायचं. ही चौकशी मुलींना करू द्या, सावित्रीबाई कलेक्टरशी बोलल्या होत्या.

तिसरं, गल्लीची वही. एकटी राहणारी आजी, गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेला माणूस, आणि आई-वडील ऊसतोडीला गेल्यामुळं आजीजवळ राहिलेली मुलं. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातल्या शाळांना हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक नावापुढं एक शेजारी ठरवायचा, उन्हाळ्यात किंवा पुराच्या इशाऱ्याच्या वेळी त्यानं चौकशी करायची. वही गुरुजींकडं किंवा बाईंकडं राहील, चव्हाट्यावर नको.

चौथं, हाताला येईल असं एक कौशल्य. जुलाब झाले तर जलसंजीवनी : एक लिटर उकळून थंड केलेलं पाणी, सहा लहान चमचे साखर, अर्धा लहान चमचा मीठ. ऊन लागलं तर सावलीत नेऊन अंग ओल्या फडक्यानं पुसायचं आणि दवाखाना गाठायचा. वीज कडाडायला लागली की झाडाखालून बाहेर, पक्क्या घरात. पालकांच्या मोबाइलमध्ये विजेची आगाऊ सूचना देणारं दामिनी ॲप टाकून द्या. घरी एका पिशवीत रेशनकार्ड-आधारच्या झेरॉक्स, रोजची औषधं, टॉर्च, शिट्टी आणि गूळ-फुटाणे भरून खुंटीला लावून ठेवायचे.

हे सगळं ३ जानेवारीच्या कार्यक्रमात बसणार नाही, मला कल्पना आहे. त्या दिवशी भाषणं होऊ द्या, टाळ्याही वाजू द्या. हा पाठ मात्र १० मार्चला घ्या. सावित्रीबाईंची ती पुण्यतिथी. आपल्याकडं तेव्हा ऊन तापायला लागलेलं असतं, विहिरींची पातळी खाली चाललेली असते आणि पावसाळ्याला तीन महिने बाकी असतात. तयारी करायला एवढा वेळ पुरतो. तुमच्या वर्गात वही आणि नकाशा तयार झाला, तर काय काय निघालं ते आम्हाला नक्की कळवा.